काम नेमकं कुठे अडलंय? स्मार्टफोन आणि ॲप समजून वापरण्यासाठी

‘नेट चालत नाहीये’ या एका वाक्यात किती तक्रारी मावतात, हे दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करून देणाऱ्यालाच माहीत. कधी रिचार्ज संपलेलं असतं, कधी स्टोरेज भरलेलं असतं, कधी पलीकडचा सर्व्हरच, म्हणजे जिथून माहिती येते तो दूरचा संगणकच, बसलेला असतो. एखाद्या फोनमध्ये तारीखच दोन वर्षं मागची असते. मग सुरक्षित संकेतस्थळं उघडतच नाहीत आणि माणूस बिचारा सिम कंपनीला शिव्या घालत बसतो.

स्मार्टफोन शिकायचा म्हणजे कुठलं बटण कुठे आहे ते पाठ करायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बटणं तर दर अपडेटला जागा बदलतात. त्यापेक्षा बोट टेकवल्यावर काम कुठे होतं ते ओळखायला शिकावं. काम तीनच ठिकाणी होतं: हातातल्या फोनमध्ये, फोन ते टॉवर या वाटेवर, नाहीतर दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. मोबाइल कम्प्युटिंग हे भारदस्त नाव या तिघांच्या वाटणीलाच दिलेलं आहे. पुढचं सगळं मी याच वाटणीला धरून सांगणार आहे. उदाहरणं अँड्रॉइडची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच असतो. आयफोनवर मेनूची नावं बदलतील, तत्त्व तेच.

आधी फोनच्या आत डोकावू

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला लागला. एका टोकाला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू, दुसऱ्या टोकाला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम. तो फोन बोलण्यापुरताच होता. बाहेरच्या कुणीतरी लिहिलेले प्रोग्राम दुकानातून घ्यावेत तसे फोनमध्ये घेण्याची सोय खऱ्या अर्थाने रुळली ती २००८ पासून. त्या जुलैमध्ये ॲपलने ॲप स्टोअर उघडलं आणि ऑक्टोबरमध्ये गूगलने अँड्रॉइड मार्केट सुरू केलं. त्यालाच २०१२ पासून प्ले स्टोअर म्हणतात. आपल्या गावागावांत हे सगळं पोचलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा.

फोनच्या आत एक चिप असते. हिशेब करणारा प्रोसेसर, चित्र दाखवणारा भाग आणि टॉवरशी बोलणारा मोडेम हे सगळं आता बहुधा तिच्यातच असतं. शिवाय रॅम आणि स्टोरेज, आणि या दोघांत लोकांचा कायम गोंधळ होतो. स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे रॅम आणि धान्याची कोठी म्हणजे स्टोरेज. ओटा लहान असेल तर एका वेळी कमी कामं चालतात, फोन अडखळतो. कोठी भरली तर नवा फोटो ठेवायला जागा उरत नाही. ‘फोन हँग होतो’ आणि ‘फोन फुल झाला’ हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

फोन घेताना दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून दाखवतो. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? ज्या फोनवर बँक चालवायची आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी येते.

बांधावर उभं राहून पाहू

हे तीन भाग एकत्र कसे काम करतात ते पाहायला ई-पीक पाहणीच्या ॲपइतकं चांगलं उदाहरण नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर हे सुरू झालं. शेतकऱ्याने स्वतःच्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र आणि लागवडीची तारीख भरायची आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची.

आता यात कोण काय करतं ते बघा. तुम्ही कुठे उभे आहात हे फोन उपग्रहांकडून काढतो. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश सतत पाठवत असतात. फोन ते फक्त ऐकतो आणि कुठला संदेश किती उशिरा आला यावरून आपली जागा मोजतो. याला इंटरनेट लागत नाही. लागतं ते उघडं आकाश. म्हणून आंब्याच्या गर्द सावलीत किंवा पत्र्याच्या गोठ्यात उभं राहून ‘लोकेशन येत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. चार पावलं मोकळ्यात या, मिनिटभर थांबा. नेट चालू असेल तर उपग्रहांची माहिती लवकर मिळते आणि जागा पटकन सापडते, एवढाच नेटचा हातभार.

फोटो फोनच काढतो आणि तो फोनमध्येच साठतो. इथपर्यंत काम पहिल्या ठिकाणी. अपलोड दाबलं की मोडेम जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवरवरून माहिती बहुतेक वेळा जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने पुढे जाते. हे दुसरं ठिकाण. शेवटी सरकारी सर्व्हर खातं आणि गट तपासून नोंद घेतो. हे तिसरं. मुदतीचे शेवटचे दिवस आले की सगळा तालुका एकाच वेळी तिसऱ्या दारावर धडकतो. तेव्हा फोन नवा असो की जुना, चाक फिरतच राहतं. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा, आणि खरं तर शेवटच्या आठवड्याची वाटच पाहू नये. दहावी-बारावीच्या निकालाला दुपारी एक वाजता जे होतं, तेच हे.

मग अडलंय कुठे हे ओळखायचं कसं? मी या क्रमाने जातो. आधी दुसरं एखादं ॲप उघडायचं. ते चालत असेल तर नेट ठीक आहे. दोष त्या ॲपचा किंवा त्याच्या सर्व्हरचा. काहीच चालत नसेल तर विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करायचा, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. तरीही नाही, तर त्याच कंपनीचं सिम असलेला शेजारचा फोन बघायचा. त्यालाही नेट नसेल तर टॉवरची गडबड आहे. त्याचं चालत असेल तर दोष आपल्या फोनात किंवा रिचार्जमध्ये. तारीख, वेळ, डेटा चालू आहे का, दिवसाचा कोटा संपलाय का, हे आता तपासायचं. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात म्हणून हुरळून जाऊ नका. काड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतोय ते सांगतात, टॉवरपुढे रांग किती आहे ते सांगत नाहीत. आषाढीला पंढरपुरात उभे राहा म्हणजे पटेल.

नवा फोन लावताना

पहिल्या दिवशी नीट अर्धा तास द्या.

गूगल खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरवर उघडा आणि पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा. मोबाइल दुकानातल्या मुलाने ‘मी करून देतो’ म्हणत कुठलातरी ईमेल टाकून दिला की पुढे फोन रीसेट झाल्यावर तोच जुना ईमेल आणि पासवर्ड मागतो. मग फोन हातात असून बंद. आईवडिलांचा फोन मुलं लावून देतात तेव्हाही हेच होतं: खातं मुलाचं, फोटो आईचे, आणि मुलगा पुण्यात पासवर्ड बदलतो.

स्क्रीनला सहा अंकी पिन लावा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. बोटाचा ठसा सोयीचा आहे, पण शेतात, स्वयंपाकात हात झिजलेले असतील तर तो वारंवार चुकतो, म्हणून पिन लक्षात हवाच. मग सेटिंगमध्ये जाऊन जे अपडेट आलं असेल ते घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

सिमलाही वेगळा पिन लावता येतो आणि ही गोष्ट फार कमी लोक करतात. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. सिमला पिन असेल तर जात नाहीत. मूळ पिन काय आहे ते आधी कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडणारा कोड, कंपनीकडे मागत बसावं लागतं.

डायल पॅडवर *#०६# दाबलं की १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात. ते लिहून ठेवा, खोक्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा, बिल जपा. वयस्क माणसाचा फोन असेल तर डिस्प्लेमध्ये अक्षरांचा आकार मोठा करून द्या. चष्मा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

ॲप घेताना

प्ले स्टोअरवर नाव शोधलं की त्याच नावाची, त्याच रंगाची चार-पाच ॲप समोर येतात. पहिलं जे दिसतं ते बऱ्याचदा जाहिरात असते. नावाखाली लहान अक्षरांत ॲप कुणी बनवलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचा. सरकारी योजनेचं ॲप असेल तर त्या खात्याच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून जाणं सगळ्यात बरं. बँकेचंही तसंच.

व्हॉट्सॲपवर आलेली फाईल मात्र ॲप म्हणून कधीही टाकू नका. ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान यादी’ अशा नावाने फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. लग्नाची पत्रिका चित्र असते, फार तर पीडीएफ. एपीके म्हणजे प्रोग्राम. ती उघडली की फोन आधी विचारतो, ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकू द्यायचं का?’ इथे नाही म्हटलं की विषय संपतो. हो म्हटलं की ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, ओटीपी परस्पर बाहेर जातो आणि बँकेचा मेसेज तुमच्यापर्यंत पोचायच्या आत खातं रिकामं होतं. फाईल ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून विश्वास ठेवू नका. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच अडकलेला असतो आणि तो फोनच सगळ्यांना पत्रिका वाटत सुटतो.

परवानगी द्यायची की नाही

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं. एका ॲपला दुसऱ्याच्या फायली थेट दिसत नाहीत. कॅमेरा, माइक, संपर्क, लोकेशन यांची दारं तुम्ही ‘अनुमती द्या’ म्हटल्यावरच उघडतात. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲप वापरताना ही विचारणा होते. तरी लोक न वाचता हो, हो, हो करत जातात. सवयीचा परिणाम.

दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: या ॲपच्या कामाला हे लागतं का? दामिनी नावाचं ॲप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ते केलं आहे आणि आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं. त्याला तुमची जागा कळलीच पाहिजे, नाहीतर इशारा कुठला देणार? रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये मान्सूनपूर्व वळवाच्या आधी ते असावं, असं माझं मत आहे. याउलट टॉर्चचं ॲप तुमचे संपर्क मागत असेल, तर ते उजेड देण्यासाठी मागत नाही. काढून टाका. तसाही टॉर्च फोनमध्ये आधीपासून असतो.

लोकेशन मागितल्यावर ‘ॲप वापरताना’ आणि ‘फक्त या वेळी’ असे पर्याय दिसतात. बहुतेकांना पहिला पुरतो. एसएमएस, सुलभता आणि स्क्रीन शेअर करणं या तीन परवानग्या सगळ्यात धोक्याच्या. ‘सुलभता’ ही सोय मुळात दृष्टिहीनांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगत असेल तर फोन ठेवा. खरी बँक असं कधी सांगत नाही.

अँड्रॉइड १२ आणि पुढे, कॅमेरा किंवा माइक चालू असताना वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. तुम्ही फोटो काढत नसताना ती दिसली तर खाली ओढून कुठलं ॲप आहे ते बघा.

पैशाचं ॲप

यूपीआय एनपीसीआयने, म्हणजे भारतीय राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, २०१६ मध्ये आणलं आणि आता भाजीवाल्या मावशींपासून सगळ्यांकडे क्यूआरची पाटी लटकलेली असते. स्कॅन केल्यावर काय घडतं? क्यूआरमधला पत्ता फोन स्वतःच वाचतो. पिन टाकायचा पडदा मात्र सगळ्या ॲपमध्ये सारखाच दिसतो, कारण तो एनपीसीआयचा असतो. पिन तिथेच बंदिस्त होऊन पुढे जातो. मग विनंती एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेकडे, पिन जुळला की पैसे वजा, नंतर समोरच्याच्या बँकेत जमा, आणि उलट्या वाटेने निरोप परत. दुकानातला डबा बोलेपर्यंत एवढा प्रवास झालेला असतो.

यात कुठलीही एक बँक अडखळली की ‘प्रलंबित’ असं येतं. तेव्हा घाईने पुन्हा पैसे पाठवू नका. आधी खात्यातली शिल्लक बघा. वजा झाले असतील आणि समोरच्याला मिळाले नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापेक्षा उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. व्यवहारावर १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो. बँकेत तक्रार करताना तोच द्यायचा.

पैसे मिळवायला पिन लागत नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. जुना सोफा विकायला काढला की कुणीतरी फोन करतो, भाव न करता हो म्हणतो आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. पिन टाकला की पैसे जातात. येत नाहीत.

फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, मग बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट हलवतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारे लोक सगळ्यात जास्त गमावतात.

मराठी, जागा आणि बॅटरी

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. माइकचं चिन्ह दाबून बोललं की मराठी लिहिलं जातं आणि मजकूर बऱ्यापैकी बरोबर येतो. जोडाक्षरं मात्र एकदा वाचून घ्यावीत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यातला र अडतो, तेव्हा ऱ, मग हलंत, मग य असं टाका.

जागा संपली की आधी व्हॉट्सॲपकडे वळा. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, तिथे ‘स्टोरेज व्यवस्थापन’. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते समोर येतं. शुभ सकाळ म्हणणारा गुलाब पहिल्या क्रमांकावर असतो. त्याच पानावर मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. जागाही वाचते, डेटाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगल खात्याच्या १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे व्हिडिओ वगळलेले बरे. ‘फोन साफ करणारी’ ॲप घेऊ नका, ती स्वतःच कचरा असतात. बॅटरीबद्दल फार विचार नको: उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका, आणि रेंज नसलेल्या घाटात विमान मोड लावा, कारण टॉवर शोधण्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

रेंज नसेल तेव्हासाठी

तीनपैकी दोन ठिकाणं गायब झाली तर हातातल्या फोनमध्ये काय उरतं? जे आधीच उतरवून ठेवलं असेल ते. सह्याद्रीत ट्रेकला निघण्याआधी गूगल मॅप्समध्ये तो भाग ऑफलाइन घेऊन ठेवा. जीपीएस चालतंच, खाली नकाशा मात्र हवा. तिकिटाचा, रुग्णालयाच्या कागदांचा पीडीएफ फोनमध्ये हवा, ईमेलमध्ये नव्हे. डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपमधला गाडीचा परवाना कायद्याने मूळ कागदाइतकाच ग्राह्य आहे, पण रस्त्यात नेट नसेल तर उघडणार कसा? निघतानाच उघडून ठेवा. नेटशिवाय यूपीआय करायचं तर *९९# डायल करता येतं. त्यालाही निदान साधी रेंज लागते.

फोन हरवला तर, या क्रमाने

आधी दुसऱ्याच्या फोनवरून आपला नंबर लावून बघा. लागत नसेल तर गूगलची फोन शोधण्याची सोय उघडा, आपल्या खात्याने आत जा, फोन लॉक करा. गरज पडली तर सगळं पुसून टाका, पण पुसल्यावर फोन नकाशावर दिसणं थांबू शकतं, म्हणून ते शेवटी.

मग सिम कंपनीला सांगून नंबर बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पोलिसांत तक्रार देऊन प्रत घ्या. त्याच नंबरचं नवं सिम काढा. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, त्यामुळे पुढच्या पायरीचा ओटीपी लगेच आला नाही तर गोंधळू नका. ओटीपी येऊ लागला की दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जा आणि आयएमईआय, तक्रारीची प्रत, बिल देऊन फोन ब्लॉक करा. मग तो देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलं तर पोलिसांना माग लागतो. विनंतीचा क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा. फोन परत मिळाला तर त्याच क्रमांकावरून तो आधी अनब्लॉक करावा लागतो, तोवर सिम टाकून काही उपयोग नाही.